मधल्या वॉचची वही

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त नौसैनिकाची उत्तरं

गेल्या अंकात रडारच्या पडद्यावर उगवणाऱ्या ‘भुतां’बद्दल मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. नवीन वाचकांसाठी सांगतो: मी नौदलात रडार प्लॉट शाखेत होतो, नोकरीची बहुतेक वर्षं पश्चिम किनाऱ्यावर गेली, आणि आता पेडण्यात, मांद्र्याला राहतो.

तुम्ही म्हणता, नसलेली वस्तू रडारवर दिसू शकते. पण लहर गेली, आपटली, परत आली, एवढंच तर रडारचं काम. आपटल्याशिवाय ती परत कशी येईल?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, फोंडा

आपटल्याशिवाय येत नाहीच. तुझं म्हणणं बरोबर आहे. लहर कशावर तरी आपटलेली असते. चुकतं ते कुठे आपटली हे. रडारला दोनच गोष्टी कळतात: अँटेना कुठल्या दिशेला होता, आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला. बाकीचं सगळं ते गृहीत धरतं. लहर सरळ गेली हे गृहीत, आणि आलेला प्रतिध्वनी आत्ताच सोडलेल्या स्पंदाचा, म्हणजे लहरीच्या झटक्याचा, आहे हेही गृहीत.

आता हिशेब कर. एखादं रडार सेकंदाला ३०० स्पंदं सोडतं असं धर. दोन स्पंदांच्या मधल्या वेळात लहर १००० किलोमीटर जाते, म्हणजे जाऊन-येऊन ५०० किलोमीटरपर्यंतचं मोजता येतं. वस्तू ६२० किलोमीटरवर असेल तर तिचा प्रतिध्वनी येईपर्यंत पुढचं स्पंद सुटलेलं असतं. रडारला वाटतं, हा त्या नव्या स्पंदाचा. मग ते ठिपका काढतं १२० किलोमीटरवर. तिथे फक्त पाणी असतं. आम्ही याला ‘सेकंड ट्रेस’ म्हणायचो.

तू विचारशील, पृथ्वी गोल आहे, लहर ६२० किलोमीटरवरच्या डोंगराला किंवा जहाजाला लागेलच कशी? गोव्यातल्या दाभोळी विमानतळाचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण ५६ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून रडारला पाण्याचा पृष्ठभाग ३१ किलोमीटरपर्यंत दिसतो, आणि १६ मीटर उंच डोलकाठीचं जहाज ४७ किलोमीटरपर्यंत. हा साध्या दिवसाचा हिशेब. पण एप्रिल-मेमध्ये जमिनीवरची तापलेली, कोरडी हवा समुद्रावरच्या गार, दमट हवेवर पसरते. खाली गार, वर गरम, असा उलटा थर तयार होतो. शाळेच्या भूगोलात त्याला तापमानाची विपरीतता म्हणतात. त्या थराखाली लहर अडकते, वाकते, आणि पाण्याला धरून धरून कुठल्या कुठे जाते. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आपल्याच समुद्रातलं आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या एका दीड मीटर तरंगलांबीच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी यायचे, १००० ते १७०० मैलांवरून. रडारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ते आजही देतात. आणि तुझ्या घरात एफएम रेडिओ असेल तर एप्रिलमधल्या एखाद्या दमट रात्री सुई फिरवून बघ. आखातातलं अरबी स्टेशन आपल्या स्टेशनासारखं खणखणीत लागलं तर समज, आज समुद्रावर त्या उलट्या थराची नळी बसली आहे. पावसाळ्याचे वारे सुटले की हवा ढवळली जाते आणि हा खेळ बहुतेक संपतो.

भूत ओळखायची पहिली चाचणी सोपी आहे. सेकंदाला किती स्पंदं सोडायची तो आकडा, ज्याला पीआरएफ म्हणतात, तो बदलायचा. खऱ्या वस्तूचा ठिपका त्याने जागचा हलत नाही. सेकंड ट्रेस असेल तर ठिपका टुणकन दुसरीकडे उडी मारतो. ही चाचणी लक्षात ठेव, पुढच्या एका पत्रात ती परत येणार आहे.

पक्ष्यांचंही सांगायला हवं. महायुद्धाच्या काळात इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या रडारचालकांना कोरड्या, निरभ्र हवेत ठिपके दिसायचे. त्यांनी त्यांना ‘एंजल’ नाव दिलं. लष्करी संशोधनात काम करणारे पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी हे पक्षी आहेत असं सांगितलं, तेव्हा पुष्कळांना ते पटलं नव्हतं. पुढे पहाटे रडारवर उठणारी, पसरत जाणारी वर्तुळं दिसू लागली. ती निघाली झोपायच्या जागेवरून एकदम उडालेल्या मैनांच्या जातीच्या पक्ष्यांची. आपल्याकडे नोव्हेंबरात अमूर ससाणे ईशान्य भारतातून निघून भारत ओलांडतात आणि थेट अरबी समुद्र पार करून आफ्रिकेला जातात. हाताच्या ओंजळीत मावणारा पक्षी, आणि एका दमात समुद्र ओलांडतो. त्या दिवसांत पडद्यावर बारीक, सरकती धूळ दिसली तर मला राग यायचा नाही.

१९५२ साली वॉशिंग्टनच्या आकाशात रडारवर अज्ञात वस्तू दिसल्या आणि अमेरिकन हवाई दलाने ‘हवेचा उलटा थर’ म्हणून विषय मिटवला, असं वाचलं. लपवाछपवी होती का?
— निवृत्त शिक्षक, डिचोली

गुरुजी, आधी घटना सांगतो. १९ जुलै १९५२, शनिवारची रात्र, ११ वाजून ४० मिनिटं. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावरच्या नियंत्रकाला सात ठिपके दिसले, जिथे कुठलंही विमान अपेक्षित नव्हतं. जवळच्या अँड्र्यूज हवाई तळावरूनही तसंच कळवलं गेलं. अँड्र्यूजची धावपट्टी दुरुस्तीला काढलेली होती, म्हणून एफ-९४ लढाऊ विमानं शेजारच्या डेलावेअर राज्यातून यावी लागली. ती आली तेव्हा ठिपके गेले; ती परतल्यावर ठिपके परत आले. पुढच्या शनिवारी, २६ तारखेच्या रात्री, पुन्हा तोच प्रकार. २९ जुलैला हवाई दलाचे मेजर जनरल सॅमफर्ड यांनी पेंटागॉनमध्ये पत्रकार परिषद घेतली आणि हवेच्या उलट्या थराकडे बोट दाखवलं.

नंतर अमेरिकेच्या नागरी विमान खात्याने स्वतंत्र अभ्यास केला. त्यात एक फार सुंदर गोष्ट सापडली. असे भुताटकीचे ठिपके साधारणपणे वाऱ्याच्या दुप्पट वेगाने सरकत होते. कारण असं: उलट्या थरातला एखादा उंचवटा वाऱ्याबरोबर वाहत जातो, तो आरशासारखा जमिनीवरच्या वस्तूंचं प्रतिबिंब दाखवतो, आणि आरसा एक पाऊल सरकला की प्रतिबिंब दोन पावलं सरकतं. न्हाव्याच्या दुकानातला आरसा हलला की आपला चेहरा कसा झपकन सरकतो, तसं.

म्हणून मला लपवाछपवी वाटत नाही. त्या ठिपक्यांपैकी पुष्कळ उलट्या थराचेच असावेत असं माझं मत आहे. पण मला खुपतं ते वेगळंच. दुसऱ्या रात्रीनंतर तीन दिवसांत उत्तर जाहीर झालं, आणि अभ्यास मागाहून आला. स्वतः पडद्यासमोर बसलेल्या नियंत्रकांना ते पटलं नाही. उलटा थर त्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता, आणि हे तसं दिसत नव्हतं असं ते सांगत राहिले. बघणाऱ्याला आधी नीट ऐकून घेतलं असतं तर आज, सत्तर वर्षांनी, डिचोलीहून हा प्रश्न आलाच नसता.

आकाशातल्या अशा अनोळखी वस्तूंच्या नोंदी तपासणारा अमेरिकन हवाई दलाचा ‘ब्लू बुक’ प्रकल्प १९६९ साली बंद झाला. त्यात १२,६१८ नोंदी होत्या आणि ७०१ अनोळखी राहिल्या. अनोळखी म्हणजे परग्रहावरचे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. इंग्लंडमध्ये ऑगस्ट १९५६ मध्ये लेकनहीथ आणि बेंटवॉटर्स तळांच्या रडारवर जे दिसलं, ते अशा नोंदी तपासणाऱ्या कोलोराडो विद्यापीठाच्या समितीलाही उलगडलं नाही. ती समिती अशा गोष्टींवर विश्वास ठेवायला अजिबात उतावीळ नव्हती.

माझा मुलगा सैन्यदलात रडारवर आहे. एका रात्री त्याला काहीतरी दिसलं, ते त्याने वहीत लिहिलं, आणि आता चौकशी बसली आहे. त्याच्या सोबतचे म्हणतात, उगीच लिहिलंस. त्याच्या नोकरीला डाग लागेल का? ‘चुकून लिहिलं’ म्हणून सांग, असं मी त्याला सुचवू का?
— एक आई, पेडणे तालुका

ताई, नको. हात जोडून सांगतो, असं सुचवू नका.

तुमच्या पत्रात मुलाचं ठिकाण आणि दल लिहिलं होतं, ते मी संपादकांना काढायला लावलं. तुम्हीही ते कुणाला सांगू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. आता मुद्द्याचं बोलतो.

चौकशी या शब्दाने आपल्याकडे घर हादरतं, कारण आपल्याला पोलिसातली चौकशी माहीत असते. सैन्यदलातलं चौकशी मंडळ मुळात घटना जुळवायला बसतं. कोण कुठे होता, यंत्र कसं होतं, हवा कशी होती, कुणी काय पाहिलं, हे ते विचारतं. जे दिसलं ते त्याच वेळी लिहिणं हे तुमच्या मुलाचं कामच होतं. मी ते काम एकदा केलं नाही, आणि ते मला अजून बोचतं. म्हणून माझी गोष्ट सांगतो. ठिकाण आणि साल सांगणार नाही.

एप्रिल महिना. मधला वॉच, म्हणजे रात्री बारा ते चार. ऑप्स रूममध्ये दिवे मंद, एसी इतका की आम्ही उन्हाळ्यात जर्सी घालून बसायचो. रडारच्या गोल पडद्यावर रबरी झापड असे, त्यात तोंड घालून बघायचं. रेषा फिरत जाई आणि तिच्या मागे नारिंगी उजेड हळूहळू विझत जाई. पलीकडे पारदर्शक पर्स्पेक्सची मोठी पाटी. तिच्या मागे उभं राहून आम्ही मेणाच्या पेन्सिलीने आकडे लिहायचो, आरशात दिसतात तसे उलटे, म्हणजे समोर बसलेल्या अधिकाऱ्याला सुलटे वाचता यावेत. ‘५’ उलटा काढायला मला महिना लागला होता.

पावणेदोनला पश्चिमेला ३८ मैलांवर एक ठिपका उठला. पुढच्या मिनिटाला दोन मैल आत, त्याच्या पुढच्या मिनिटाला आणखी दोन. ताशी १२० मैल. जहाजासाठी फार, आणि विमान म्हणावं तर ओळख-संकेताला उत्तर नाही. चौथ्या मिनिटाला तो एकदम नऊ मैल दक्षिणेला दिसला. मी आवाज दिला. ज्येष्ठाने येऊन पाहिलं, तोवर पडदा कोरा. तो म्हणाला, “आधी झोप पुरी करत जा. क्लटर लिही.” दोघे-तिघे हसले. मी वहीत ‘क्लटर’, म्हणजे पडद्यावरचा बिनकामाचा कचरा, एवढा एक शब्द लिहिला. मग ओला बोळा घेऊन पाटीवरच्या चार खुणा स्वतःच्या हाताने पुसल्या.

पाच दिवसांनी मला बोलावणं आलं. समुद्रात असलेल्या एका जहाजानेही त्याच सुमाराला, त्याच बाजूला काहीतरी नोंदलं होतं. दोन अधिकारी बसले होते, त्यातले एक हवामानाचे. दोघेही शांतपणे बोलत होते. वेळ कुठल्या घड्याळाची? ठिपका जहाजासारखा टणक होता की कडांना फिसकटलेला? प्रत्येक फेरीत आला की एखादी फेरी चुकली? त्या रात्री दूरची जमीन नेहमीपेक्षा जास्त दिसत होती का? पीआरएफ बदलून पाहिलास का? चौथ्या खुणेचं अंतर नक्की किती?

ताई, मला काही धड सांगता येईना. नऊ मैल की सात? आधी दक्षिणेला की आधी आत? पाच दिवस मनात घोळवून घोळवून मी त्या चार खुणांची दहा चित्रं केली होती. अधिकाऱ्यांनी वही उघडली. ‘क्लटर’. बंद केली. मला कुणी एक शब्द बोललं नाही, शिक्षा नाही, शेरा नाही. त्या प्रकरणावर ‘अनिर्णित’ लिहिलं गेलं एवढंच माझ्या कानावर आलं.

एप्रिलची रात्र पाहता मला आज वाटतं की तो सेकंड ट्रेस असावा. पण हे वाटणं झालं. दोन ओळी लिहिल्या असत्या तर त्या जहाजाची नोंद आणि माझी नोंद शेजारी ठेवून खात्रीने सांगता आलं असतं. आणि ते भूत नसतं तर? आपल्या किनाऱ्याकडे खरंच काही येत असतं तर? त्या विचाराने मी पुढे कितीतरी रात्री झोपलो नाही.

हे माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेच्या गुप्तवार्ता कार्यालयाने जून २०२१ मध्ये आकाशातल्या अनोळखी वस्तूंवर एक अहवाल काढला. २००४ पासूनच्या १४४ नोंदी, त्यातल्या ८० एकाहून जास्त उपकरणांवर दिसलेल्या, आणि खात्रीने उलगडली फक्त एक. तो हवा जाणारा मोठा फुगा होता. बाकीच्या का उलगडल्या नाहीत? माहिती अपुरी होती म्हणून. लोक हसतील या भीतीने वैमानिक बोलत नाहीत, हेही त्या अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. नोंद करायची ठरलेली पद्धत त्यांच्या नौदलाने मार्च २०१९ मध्ये घातली, आणि बहुतेक नोंदी त्यानंतरच्या आहेत. विचारणारा नीट विचारू लागला, तेव्हा सांगणारे पुढे आले.

मुलाला एवढंच सांगा: जे पाहिलं ते सांग, जे आठवत नाही त्याला ‘आठवत नाही’ म्हण, आणि ते काय होतं याचा अंदाज कुणी विचारल्याशिवाय देऊ नकोस. सोबतचे हसत असतील तर हसू देत. पुढच्या खेपेला त्यांच्यापैकी कुणी पडद्यासमोर एकटा असेल तेव्हा त्याला तुमच्या मुलाची वही आठवेल. चवथीला तो घरी आला तर मांद्र्याला पाठवा. त्या रात्रीबद्दल मी काही विचारणार नाही, विचारायचा मला हक्कही नाही. पण त्याच्याशी बोलायला मला फार आवडेल.

आपल्या देशात असे प्रकार तपासले जातात का, की हे सगळं अमेरिकेचंच?
— मडगाव

तपासले जातात. लडाखचं प्रकरण मला आदर्श वाटतं. २०१२ मध्ये पँगाँग सरोवराच्या भागात जवानांना आकाशात पिवळसर प्रकाशगोळे दिसू लागले. क्षितिजावर उगवायचे, तासन् तास सरकायचे. लष्कराने फिरतं रडार आणि लहरी तपासणारं उपकरण तिथे नेलं. डोळ्यांना दिसत होतं, रडारला काहीच नाही. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांना विचारलं, आणि सीमेवरच्या पुष्कळशा नोंदी गुरू आणि शुक्र यांच्या निघाल्या. चौदा हजार फुटांवरच्या विरळ, स्वच्छ हवेत हे ग्रह असे पेटतात की सपाटीवरच्या माणसाला खरे वाटू नयेत. काही लोक त्या जवानांवर हसले. मला त्यांचा अभिमान वाटतो. रात्रभर थंडीत उभं राहून त्यांनी वेळ आणि दिशा लिहून ठेवली, म्हणून तर खगोलशास्त्रज्ञांना ग्रहाच्या स्थानाशी ती जुळवता आली.

दुसरं इंफाळचं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसल्याने उड्डाणं काही तास थांबली. विमानतळावरून डोळ्यांनी दिसल्याच्या माहितीवरून हवाई संरक्षण यंत्रणा हलवली, आणि ती छोटी वस्तू त्यानंतर दिसली नाही, असं हवाई दलाने त्याच दिवशी जाहीर केलं. तेवढं सांगितलं, जास्त काही जोडलं नाही. हे मला आवडलं.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. रडारला पुष्कळ काही दिसतं, पण आपण त्याला ते सगळं दाखवू देत नाही. हळू चालणारं, लहान, असं सगळं गाळलं नाही तर पडदा पक्षी आणि ढगांनी भरून जाईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चिनी फुगा पाडला, आणि त्यानंतर त्यांनी रडारची ही चाळणी सैल केली. लगेच १०, ११ आणि १२ तारखेला आणखी तीन वस्तू पाडाव्या लागल्या. आकाशात गर्दी वाढली नव्हती, चाळणीची भोकं बदलली होती. आता आपल्या किनाऱ्यावर लग्नाच्या चित्रीकरणालासुद्धा ड्रोन उडतात, आणि दाभोळी व मोपा असे दोन विमानतळ आहेत. ती चाळणी किती सैल ठेवायची हे ठरवणाऱ्यांचं काम माझ्या काळापेक्षा कितीतरी अवघड झालं आहे.

डिसेंबरात सूर्य मावळल्यावर पश्चिमेकडून एक पांढरा ठिपका डोक्यावर येतो आणि एकाएकी नाहीसा होतो. आजी म्हणते, देवचाराची चूड. विमान नाही, आवाज नाही. काय असेल?
— साखळी

आजीच्या देवचाराला माझा नमस्कार, तो गावाची राखण करतो. पण त्याची चूड जमिनीवरून, बांधावरून चालते. हा ठिपका बहुधा हवामान खात्याचा फुगा असावा. जगभरातल्या वेधशाळा एकाच वेळी वरच्या हवेचं मोजमाप करतात. आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचचं. फुगा त्याच्या थोडा आधी सुटतो. पणजीच्या आल्तिनो टेकडीवरून निघाला की मिनिटाला सुमारे ३०० मीटर चढतो, म्हणजे तासाभरात १८ किलोमीटर वर. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून, म्हणून तो तुमच्याकडे वाहत येतो. खाली साखळीत अंधार, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं, त्यात तो चमकतो. वर हवा विरळ होत जाते तसा तो फुगत जातो, आणि शेवटी फुटतो. तुमचा ‘एकाएकी नाहीसा’ तो हाच. त्यातल्या उपकरणाने पाठवलेल्या आकड्यांवरूनच समुद्रावर उलटा थर आहे की नाही हे कळतं.

दिसला की वेळ मिनिटासकट लिहा, कुठल्या माडाच्या वर दिसला ते लिहा, किती मिनिटांनी गेला ते लिहा. सलग आठ दिवस. रोज त्याच जागी, त्याच उंचीवर दिसला तर तो ग्रह, फुगा नव्हे. वही मला पाठवा, मी वेळा जुळवून बघतो.